मोहाच्या झाडाखाली मोडलेलं मौन

डॉक्टरांनी “तुम्ही आता पूर्ण बऱ्या झालात” असं सांगितलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांना आनंद झाला. माझा मात्र त्यावर विश्वास बसला नाही. छातीचं दुखणं, सॅनेटोरियम, इंजेक्शनं, पुन्हा पुन्हा काढलेले एक्स-रे, हे सगळं पार पडलं होतं. थुंकीत काही सापडत नव्हतं, वजन भरत होतं. पण क्षय हा शब्द आमच्या नांदुऱ्याच्या घरात कोणी मोठ्यानं उच्चारत नसे, आणि जो शब्द उच्चारायलाही माणसं घाबरतात ते दुखणं एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून निघून जाईल हे मला पटेना. माझी मंदा अजून अंगावर पीत होती तेव्हा तिला माझ्यापासून तोडून डोणगावला माझ्या माहेरी ठेवलं होतं. आता ती चांगली पळती, बोलती झाली होती. मी माहेरी गेले की ती ओसरीवर आणि मी अंगणातल्या बाजेवर, अशी आमची भेट व्हायची. डॉक्टर म्हणत होते, खुशाल घरी आणा पोरीला. घरचेही म्हणत होते. नको म्हणत होते ती मी. माझा श्वास तिला लागला तर काय, या एका विचारानं मी बाजेवरून उठत नसे.

देवाशी तर माझं बोलणंच बंद होतं. दुखण्याआधी मी आमच्या आळीच्या भजनात पुढे बसून गायची. माझा आवाज स्टेशनापर्यंत जातो अशी चेष्टा व्हायची आणि मला ती आवडायची. ज्या छातीनं त्याचं नाव घेतलं तीच त्यानं पोखरली, हा राग मी मनातून काढू शकले नव्हते. पूजा करायची, पण सासूबाई करतात म्हणून. त्यांनी माझ्यासाठी सातपुड्यातल्या महादेवाला नवस बोलला होता, की सून बरी झाली तर स्वतःच्या पायांनी डोंगर चढून तुझ्या पिंडीवर पाणी घालील. मी बरी झाले असं ठरल्यावर त्या नवसाचा विषय निघाला आणि आमच्या यांनी त्यावर तोड काढली.

“तुले कायले दगदग? तुझं एक लुगडं दे, म्या ते घेऊन चढून येतो. देवाले चालते तसं.”

“त्यापेक्षा लुगडंच धाडा पोस्टानं,” मी म्हणाले. हे हसले, सासूबाई हसल्या नाहीत.

शेवटी डॉक्टरांनीच वाट मोकळी केली. डोंगरातली हवा खा, रोज थोडं थोडं चाला, असं त्यांनी सांगितलं. हे शाळेत चित्रकला शिकवायचे. जळगाव जामोदच्या पलीकडे, ज्या डोंगरावर तो महादेव आहे त्याच्याच पायथ्याच्या कोरकू वस्तीत लाकडावर फार सुंदर कोरीव काम आहे, असं त्यांच्या कानावर कधीपासून होतं. त्यांना चित्रं, मला हवा आणि सासूबाईंना नवस, अशी सगळ्यांची सोय एका फेरीत लागत होती. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. जळगाव जामोदपर्यंत एस.टी. गेली, पुढं बैलांच्या दमणीत बसून आम्ही त्या वस्तीवर पोचलो. चैत्र लागला होता.

असं गाव मी आधी पाहिलं नव्हतं. समोरासमोर घरांच्या दोन सरळ रांगा, मधे झाडून लख्ख केलेला रस्ता आणि मागे चढत गेलेला डोंगर. गावाबाहेर एका जुन्या झाडाखाली सागवानी फळ्या रोवलेल्या होत्या. गेलेल्या माणसांच्या नावानं त्या उभ्या करतात. प्रत्येकीवर सूर्य, चंद्र, घोड्यावर बसलेला माणूस आणि हात धरून नाचणारी माणसं कोरलेली. हे चित्रवही मांडीवर घेऊन तिथं बसले की जेवायलाही उठत नसत. मी मात्र त्या फळ्यांपुढे फार वेळ थांबत नसे. इतके दिवस मी स्वतःला अर्धी गेलेलीच धरून होते, तेव्हा तिथं बसणं मला नको वाटे.

त्याऐवजी मी चालायची. पहिल्या दिवशी विहिरीपर्यंत, दुसऱ्या दिवशी ओढ्यापर्यंत, मग पलीकडच्या टेकाडापर्यंत. ओढ्यावर सांबर पाणी प्यायला येत, मोर तर घराच्या कुडावर येऊन बसत. जरा दम लागला की मी थांबायची, पदर तोंडावर धरायची आणि खोकला येतो का याची वाट बघायची. खोकला यायचा नाही. तरी वाट बघणं सुटत नव्हतं.

आम्ही उतरलो होतो ते घर फुलय नावाच्या बाईचं. तिच्या लेकाचं लग्न होतं, म्हणून ती भिंती सारवून त्यांवर पांढऱ्या मातीनं चित्रं काढत होती. बोटानंच काढायची. घोडे, मोर, झाडं, एका ओळीत नाचणाऱ्या बाया. काढताना सारखी गात असायची. मी तिला माती कालवून द्यायला लागले. तिनं पाण्याचा लोटा पुढं केला तेव्हा मी माझं दुखणं तिला सांगून टाकलं आणि माझं वेगळं भांडं दाखवलं. तिनं ऐकून घेतलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “आता हाय का?”

“डॉक्टर म्हणतात, नाही.”

“तं मंग नाही,” असं म्हणून ती पुन्हा भिंतीकडे वळली. थोड्या वेळानं म्हणाली, “बाई, तू गात काऊन नाही? हात चालते, तोंड बंद. मले भेव वाटते अशा माणसाचं.”

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरी गोष्ट अशी की गायला छाती भरून श्वास घ्यावा लागतो आणि तेवढा श्वास घ्यायची माझी हिंमत नव्हती. नवस फेडायच्या आदल्या दिवशी मी यांना आणि फुलयला सांगितलं, की उद्या पिंडीवर पाणी घालेपर्यंत मी मौन धरणार. यांना ते फार भक्तिभावाचं वाटलं. मलाही तसंच वाटायला हवं होतं, पण आतून मला ठाऊक होतं की बोलत चढले तर धाप लागेल, धाप लागली तर खोकला येईल, ही भीतीच मी देवाच्या नावावर खपवत होते. फुलयला मात्र हा बेत अजिबात रुचला नाही.

“जंगलात चूप नाही राहावं. मोह पडून राह्यला. अस्वल येते फुलं खायले. आपून बोलत गेलो का ते बाजूले होते. उन्हं येऊ दे, माझं काम झालं का म्या येतो संगं.”

पण आम्ही पडलो सपाटीवरची माणसं. चैत्रात कुठं जायचं तर उन्हाच्या आत जाऊन यायचं, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. उन्हं वर येईपर्यंत थांबायचं म्हणजे यांना वेडेपणा वाटला. फटफटताच आम्ही निघालो. मी पुढं, हातात पाण्यानं भरलेला तांब्या, आणि मागं हे. मी बोलत नाही म्हणून हेही बोलेनात. वाळलेला पालापाचोळा वाजू नये म्हणून पाय जपून टाकत होते, देवळाच्या गाभाऱ्यात चालावं तसे. अस्वलाला आमची चाहूल लागू नये अशी सगळी तजवीज आम्ही दोघांनी मिळून अगदी मनोभावे केली होती.

चढाची पहिली वळणं सोपी गेली. मग मोहाची झाडं लागली. खाली पिवळट फुलांचा सडा आणि तो जड, गोड वास. वळण घेतलं आणि समोरच्या झाडाच्या बुंध्याशी काहीतरी काळं हललं. आधी मला ते घोंगडं वाटलं. मग ते वळलं. अस्वलाची मादी होती, आणि तिच्या पाठीवर केसांना धरून बसलेलं पिल्लू होतं. आमच्यात अंगणाएवढंही अंतर नव्हतं. ती मागच्या पायांवर उभी राहिली.

“हलू नको,” मागून हे कुजबुजले. त्यांचा आवाज मला ओळखूच आला नाही.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. फुलयचं सांगणं मला आठवत होतं. ओरडायला हवं हे कळत होतं. पण मौन मोडलं तर नवस मोडेल, नवस मोडला तर दुखणं परत येईल आणि मंदा कायमची डोणगावच्या ओसरीवर राहील, असा हिशेब माझं डोकं करत होतं. समोर जनावर उभं आणि मी देवाशी अटी तपासत उभी. मग त्या पिल्लानं मान वर काढून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आईच्या केसांत तोंड खुपसलं. मला एकाएकी वाटलं, हिचं पोर हिच्या अंगावर आहे आणि माझं कुठं आहे? मनात म्हटलं, घे बाबा, हा नवस तुझा, हे दुखणं तुझं, ही छातीही तुझीच, काय करायचं ते कर. आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले, “हर हर महादेव!”

असा आवाज मी कित्येक दिवसांत काढला नव्हता. तो माझाच आहे हे कळायलाही मला वेळ लागला. अस्वल दचकलं, चारी पायांवर आलं. मी पुन्हा ओरडले. तेव्हा दरीच्या पलीकडून उत्तर आलं. बाईचा आवाज होता, मोकळा आणि उंच. शब्द कळले नाहीत, पण भजनात पुढच्यानं ओळ सोडावी आणि मागच्यांनी ती झेलावी, तसा तो माझी हाक झेलत होता. मी थांबले तरी तो थांबला नाही. जणू तो मला म्हणत होता, तू घे, मी आहे मागं. अस्वलानं एकदा पलीकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि पाठीवरचं पिल्लू सांभाळत ते उतारावरच्या झाडीत उतरून गेलं.

आता शांत व्हायला हरकत नव्हती, पण मला थांबताच येईना. मी गायला लागले. पूर्वी आळीत म्हणायची ती सगळी भजनं, पाठ असलेली, अर्धी विसरलेली, जशी आठवतील तशी. चढ उभा होत गेला, घाम निथळत होता, आणि प्रत्येक ओळीला छाती भरत होती, रिकामी होत होती, पुन्हा भरत होती. पलीकडचा आवाज कितीतरी वेळ सोबत होता.

“अवं, पुरे आता,” हे मागून धापा टाकत म्हणाले. “गेलं ते अस्वल. आता मलेच तुझ्यासंगं चालनं होऊन नाई राह्यलं.”

मी हसले, आणि हसता हसताही गात राहिले. पदर तोंडाशी न्यायचं मला सुचलंसुद्धा नाही.

वर एक लहानशी कपार आहे. तिच्यात पिंड, आणि खडकातून झिरपणारं पाणी थेंब थेंब तिच्यावर पडतं. म्हणजे त्याला माझ्या तांब्यातल्या पाण्याची गरज नव्हतीच. तरी मी ते घातलं. मागायचं म्हणून कितीतरी मनात ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना. डोळे वाहायला लागले आणि वाहू दिले. मौन मोडल्याची क्षमा मागावी असंही वाटलं नाही. ज्यानं ते मोडवलं त्याचीच काय क्षमा मागायची?

“घरी नाही जायचं,” उतरताना मी यांना म्हणाले. “आधी डोणगावला जायचं.”

हे नुसतंच “हाव” म्हणाले. पण पुढं एका वळणावर पाहिलं तर उपरण्यानं डोळे पुसत होते.

फुलयला मी विचारलं, पलीकडच्या अंगाला तुमच्या कोण बाया गेल्या होत्या? ती म्हणाली, कोणीच नाही, लग्नाचं दळण होतं, साऱ्या इथंच होत्या. यांचं म्हणणं पडलं की डोंगरात आवाज परत येतो. असेल. मी थांबल्यावरही तो का येत राहिला, हे मी त्यांना विचारलं नाही. फुलय तेवढी भिंतीवरचा घोडा पुरा करत म्हणाली, “आवाज देल्ला का आवाज येते, बाई. तू आजच देल्ला.” मी तिच्या पाया पडले. ती ओशाळून बाजूला झाली आणि हातावरची पांढरी माती माझ्या खांद्याला लागली.

डोणगावला पोचलो तेव्हा मंदा दारातल्या निंबाखाली खेळत होती. मी रस्त्यावरूनच तिला हाक मारली, भर आवाजात. शेजारच्या बायाही दारात आल्या. मंदानं वर पाहिलं, पळत आली आणि अंगणाच्या मधोमध, नेहमीच्या अंतरावर, आपोआप थांबली. तिला तसंच शिकवलं होतं.

“आई, मी जवळ येऊ?” तिनं विचारलं.

“ये,” मी म्हणाले. माझी माय दारात आली होती. तिचा हात नकळत पोरीला अडवायला पुढं आला, आणि तिनंच तो मागे घेतला. मंदा माझ्या अंगावर आली. तिचं तोंड माझ्या तोंडाशी होतं आणि मी मान फिरवली नाही.

देवाला शरण जायचं म्हणजे गप्प बसायचं, अंग चोरायचं, अशी माझी समजूत होती. पण मी अंग चोरलं होतं तोवर त्याला देण्यासारखं माझ्याजवळ काही उरलंच नव्हतं. त्यानं मला जंगलात गाठलं, माझ्याकडून सगळं काढून घेतलं आणि चढ संपायच्या आत सगळं परत दिलं, वर माझी पोरही दिली. त्याचे उपकार कोणत्या शब्दांत मानावेत हे मला अजून कळलेलं नाही. एवढं मात्र खरं, की त्या दिवसापासून मी मंदाला कधीही हळू आवाजात हाक मारली नाही.