रबरातली सही

चोविसाव्या वर्षी मी कोल्हापुरात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर झाले आणि स्वतःला करवीरची राणी समजू लागले. माझी सही तर काय सांगावी! शेवटच्या अक्षराची शेपटी थेट कागदाच्या कडेपर्यंत जायची. मुलींना बाहेर जायचं तर माझ्या सहीची चिठ्ठी फाटकावरच्या मावशींकडे द्यावी लागे. सह्या करकरून राणीसाहेबांची बोटं दुखायला लागली, म्हणून सहीचा रबरी शिक्काच करून घेतला.

शिक्के करणारे चाचा म्हणाले, "बाई, कुलपात ठेवा. ह्यो ज्याच्या हातात, त्याचीच सही."

ठेवलाही. पण एका गुरुवारी त्यात शाई साचली म्हणून ब्लेडनं खरवडायला गेले, तर शेपटीचा तुकडाच उडाला. शिक्का धुऊन खिडकीत वाळत ठेवला आणि विसरले. 'माझ्या मुली तसल्या नाहीत,' ही खात्री होतीच!

शनिवारी मावशींकडे पंधरा चिठ्ठ्या जमल्या. मी दिली होती एकच, मंगळवारी, आजऱ्याच्या मुलीला. तिच्या आईचं शनिवारी ऑपरेशन होतं. बाकी चौदाजणी माझ्या सहीनं मॅटिनीला!

संस्थेच्या चिटणीसांनी पंधराहीजणींना वसतिगृहातून काढायचं ठरवलं. रविवारी संध्याकाळी ती पोरगी आजऱ्याहून परतली, तर तिला ट्रंक भरायला सांगितलं. मी म्हटलं, "हिची चिठ्ठी खरी आहे. मला आठवतंय."

"बाई, तुमची सही तुम्हाला राखता आली नाही. तुमच्या आठवणीवर काय विश्वास ठेवायचा?"

शाळेचं तोंडही न पाहिलेल्या मावशी मात्र चिठ्ठ्या उलटसुलट बघत होत्या.

"सायेब, चौदा बांड्या हायत. ह्या एकीलाच शेपूट हाय की!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. शेपटीची सही गुरुवारच्या आधीची. तेव्हा शिक्का माझ्याच कुलपात होता. चिटणीसांनी चिठ्ठ्या दोनदा उजेडात धरल्या आणि आजऱ्याच्या मुलीचं नाव खोडलं. चौदाजणींना काढलं नाही. महिनाभर फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही, एवढ्यावर भागलं.

पुढे मी दर सोमवारी शिक्क्याला ब्लेडनं एक बारीक खाच पाडायची आणि वहीत त्याचा ठसा ठेवायची. कापलेलं रबर परत उगवत नाही. शिक्का आज चोरला तरी गेल्या आठवड्याची चिठ्ठी कुणाला करता येत नाही. माझी नात कॉम्प्युटरवरच्या सह्यांचं काम करते. ती म्हणते, "आज्जी, आम्हीबी तेच करतो. गुप्त किल्ली बदलत राहायची, जुनी पुसून टाकायची. आजची चोरीला गेली तरी कालच्या सह्या खऱ्याच राहतात." मी उगीच भाव खाते. खाच पहिली पडली ती माझ्या वेंधळेपणानं, आणि दिसली ती मावशींना.

त्या रविवारी संध्याकाळी आजऱ्याची पोरगी ट्रंक घेऊन परत जिना चढायला लागली. मी खुशीत शिक्का पुसत बसले होते. ती अर्ध्या जिन्यात पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, आईचं ऑपरेशन कसं झालं, हे तिला अजून कुणीच विचारलं नव्हतं. शिक्का तिथंच टाकून मी तिच्यामागं धावले.