ताप उतरला तेव्हा

देवीवर माझा तेव्हा राग होता, खोटं कशाला सांगू? संपानंतर यजमानांची गिरणी उघडलीच नाही. ते मिळेल तिथे वॉचमनचं काम करायचे आणि मी लालबागच्या आमच्या खोलीत लोकांचे जेवणाचे डबे बनवायचे. सकाळी देवीपुढे दिवा लावायचे खरी, पण मनात म्हणायचे, 'तुला काय जातंय, बसलीयस आरामात!'

त्यातच आमची सुमी तापाने फणफणली. डोळे दुखतात, अंग ठणकतं म्हणून कळवळायची. मग अंगावर लाल पुरळ उठलं आणि सासूबाईंनी निकालच देऊन टाकला, "गोवर हा. देवी इली." दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, घरात मासळी बंद, औषध बंद. शेजारच्या वहिनींनी अंगदुखीची गोळी आणून दिली, तीही सासूबाईंनी परत पाठवली. मी आतल्या आत चरफडत होते, पण आजारी पोरीसमोर भांडण कुठे काढायचं? एका सकाळी ताप उतरला. माझा जीव भांड्यात पडला! सासूबाई म्हणाल्या, "देवी थंडावली गो. आता चेडवाक, आमच्या सुमीक, काय होवचा नाय." मीही कितीतरी दिवसांनी मनापासून हात जोडले.

पण सुमी काही उठून बसेना. पोट दुखतंय म्हणत पडून राहिली. त्याच दुपारी आमच्या नेहमीच्या कोळणीऐवजी तिची बहीण टोपली घेऊन आली. आम्ही तिला कधी पाहिलेलं नव्हतं. सासूबाई आतूनच ओरडल्या, "दारातसून जा गो, घरात देवी हा!" दुसरी कोणी असती तर निघून गेली असती. हिने टोपली गॅलरीत ठेवली, हात धुतले आणि सरळ पोरीपाशी येऊन बसली. तिचे पाय चाचपले, ओठ उघडून बघितलं. हिरड्यांतून रक्त येत होतं. ते मला दिसलंच नव्हतं.

"अगो बाय, पोर गार पडलीय! माझ्या भाच्याला असंच झालेलं. ताप उतरला म्हणून आम्ही निवांत बसलो आणि खरा घोर तिथूनच लागला. ऊठ, दवाखान्यात ने." सासूबाई काही बोलणार, तोच तिने त्यांचा हात धरला, "आजी, देवी कुठे पळत नाय. पोरगी जाईल." सासूबाईंनी स्वतःच सुमीच्या अंगाभोवती चादर गुंडाळली. कोळीण आमच्याबरोबर टॅक्सीपर्यंत आली. तिच्या टोपलीकडे कोण बघत होतं, देव जाणे.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी लगेच सलाईन लावलं. म्हणाल्या, डेंग्यू आहे, यात ताप उतरतो तेव्हाच जास्त जपावं लागतं. मग विचारलं, अंगदुखीची कुठली गोळी दिली होती का? मी नाही म्हटलं. "बरं केलंत. तसल्या काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो." मी सासूबाईंकडे बघितलं, त्या पदराने डोळे पुसत होत्या. ज्या हट्टापायी मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या, त्यानेही पोरीला राखलं होतं. आता यात कुणाचं बरोबर आणि कुणाचं चूक, हे मी ठरवत बसत नाही.

डॉक्टरीणबाईंनी घरातल्या पाण्याचीही चौकशी केली. हा डास गटारातला नव्हे, साठवलेल्या स्वच्छ पाण्यातला, आणि चावतो तो दिवसा. आमच्या चाळीत नळ जेमतेम येई, म्हणून पिंपातलं पाणी ओतून द्यायचं आमच्या जिवावर यायचं. वरून भर घालत राहायचो, तळ कधी दिसलाच नाही. यजमानांनी पिंप आडवं केलं तेव्हा तळाशी बारीक अळ्या वळवळत होत्या. तेव्हापासून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून, काथ्याने घासून, कोरडं करायचं आणि मगच भरून वर घट्ट झाकण. हे काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं. दुसऱ्या कुणाचं घासणं त्यांना पसंतच पडत नसे.

सुमी घरी आल्यावर मी त्या कोळणीला शोधत मासळीबाजारात गेले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती दचकून मागे सरली, "पाया कसल्या पडतेस, येडी की काय! पोरीला खाऊ घाल."

देवीवर सोपवायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं, असं मी समजत होते. तसं नसतं. दाराशी आलेल्या माणसाचं ऐकायचं आणि चादर गुंडाळून निघायचं, तेही सोपवणंच. त्या संध्याकाळी सुमीने ताटातला भात संपवला आणि म्हणाली, "आई, अजून वाढ." मला भांड्यातला भात दिसेना, इतके डोळे भरून आले होते.