खोट्या यादीतलं पहिलं नाव

माझ्या नातीला वाटतं, कॉम्प्युटरच्या लढाईत कुणी मरत नाही. म्हणून हे लिहिते.

दोन हजार सालानंतर माझं पोस्टिंग सरहद्दीवरच्या एका सिग्नल सेंटरला होतं. मी कॅप्टन, कोल्हापूरची, कळंब्याची. सोबत कॅप्टन मीनाक्षी. तिचे बूट चकाकायचे, इंग्रजी चकाकायचं, आमचे कमांडिंग ऑफिसर, सीओ साहेब, हाक मारायचे ती तिलाच. मी इतकी जळायचे, की हिवाळ्यात मला वेगळी शेगडी लागायची नाही.

सेंटरमध्ये दोन कॉम्प्युटर. एक इंटरनेटचा. दुसरा आतला, त्यात कॉन्व्हॉयच्या, म्हणजे लष्करी गाड्यांच्या ताफ्याच्या वेळा. इकडची फ्लॉपी तिकडं घालायची नाही, असा हुकूम दारावर लावलेला. तो टाइप केला होता मीच.

एका दुपारी ईमेल आला. परदेशी कोर्सची सिलेक्शन लिस्ट. पहिलं नाव मीनाक्षीचं. माझं नव्हतंच. मी यादी तीनदा वाचली. प्रिंट काढून सीओंना जाब विचारायचा, असं ठरवलं. काय ती अक्कल! प्रिंटर आतल्या कॉम्प्युटरला. यादी फ्लॉपीवर घेतली आणि ती तिकडं घातली. अर्धंच पान आलं, म्हणून परत इकडं, परत तिकडं.

आमच्याच जिल्ह्यातल्या नेसरीचा बसवराज, हुद्द्यानं नाईक, दारात वायरलेस सेट घेऊन उभा होता. दुसऱ्या दिवशी कॉन्व्हॉयबरोबर तोच जाणार होता.

"मॅडम, कायतरी जळाल्यागत वास येतोय की."

"सेट तपासा, नाईक."

"सेट गार हाय. म्हणून तर इचारलं."

सकाळी ०६१० ला सेटवर त्याचा आवाज आला. "ब्रिज पर पहुँचे. ओव्हर." मी रॉजर दिलं. ०६१२ ला पलीकडून तोफा सुरू झाल्या. नेमक्या पुलावर. मी कॉल देत राहिले. उत्तर आलं नाही.

मीनाक्षीनं दोन्ही कॉम्प्युटरच्या वायरी उपटल्या आणि मागचा कॉन्व्हॉय जागेवर थांबवला. हे तिला आधी सुचलं, याचाही मला तेव्हा हेवा वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला.

चौकशीत मी सगळं सांगितलं. ईमेल शत्रूचा होता. त्यातला प्रोग्राम माझ्या फ्लॉपीवरून आत गेला आणि वेळा घेऊन बाहेर आला. असा कोर्सच नव्हता. यादी खोटी. माझा जळफळाट तेवढा खरा.

बसवराजच्या आईला सांगायला मी स्वतः नेसरीला गेले. तिनं मला पाणी दिलं. मग म्हणाली, "सुट्टीला आला की तुझंच सांगायचा. आमची मॅडम लई जळती म्हणून."

आता दर वर्षी जाते. तिथल्या शाळेच्या भिंतीवर शहिदांची यादी आहे. तीत एकच नाव. मी ती तीनदा वाचते.