त्रुटीकाकांचं पत्र

त्रुटीकाका एकतीस वर्षं दाखल्यांच्या खिडकीमागे बसले. आलेला अर्ज हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, लाल पेनाने कुठेतरी गोल करायचे आणि म्हणायचे, "त्रुटी आहे. उद्या या." नाव तिथूनच पडलं. माणूस वाईट नव्हता. कुणाचा फुकटचा चहासुद्धा प्यायला नाही कधी. पण ज्या गोष्टीला रकाना नाही ती गोष्ट जगात नाही, अशी त्यांची ठाम समजूत.

त्यांचा एकुलता एक मुलगा सव्विसाव्या वर्षी दुचाकीवरून पडला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मेंदू गेला, आता जे चाललंय ते यंत्र चालवतंय. अवयव देण्याचा अर्ज मुलाने पूर्वीच स्वतःच्या हाताने भरून ठेवला होता. काकांनी तो पाठपोट वाचला. एकही रकाना रिकामा नव्हता. त्यांनी सही केली. काकू पलंगाशी उभ्या होत्या, मुलाचा हात धरून, आणि तो हात कोमट होता. त्या नको म्हणाल्या होत्या. निदान आज तरी नको.

त्यानंतर त्या घरात बोलणं उरलं ते भाजी काय करायची आणि गॅस संपत आला एवढ्यापुरतं. लोक यायचे, धन्य ते आईबाप म्हणायचे, की काकू पाण्याचे पेले ठेवून आत निघून जायच्या. धन्य म्हणायला लोकांचं काय जातंय? एकदाच त्या नवऱ्याला म्हणाल्या, "छाती हलत होती हो त्याची. त्याच्यामुळे कुणी जगलं असेल तर तेवढं मला आणून सांगा. तोवर माझ्याशी बोलू नका."

काका कामाला लागले. ज्यांना अवयव मिळाले त्यांना पत्र लिहायची सोय होती. ते रुग्णालयातल्या खिडकीवर द्यायचं, तिथली मुलगी तपासून पुढे पाठवणार. अट एकच, कोण कुणाचं हे ओळखू येईल असं काही त्यात नको.

पहिलं पत्र काकांनी विषय, संदर्भ आणि मृत्यूची तारीख घालून लिहिलं. परत आलं. दुसऱ्यात ते सगळं काढलं, पण सहीखाली नाव, पत्ता आणि फोन नंबर दिला. कारण बिनपत्त्याचं पत्र म्हणजे निनावी तक्रार, आणि निनावी तक्रारी त्यांनी जन्मभर केराच्या टोपलीत टाकल्या होत्या. तेही परत आलं. तिसऱ्यात पत्ताही नव्हता. मात्र खाली 'सोबत' असं लिहून मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत जोडली होती. खिडकीतली मुलगी प्रत्येक वेळी गोड आवाजात म्हणायची, "काका, थोडी त्रुटी आहे." आणि काका घरी येऊन पंख्यावर, दाराच्या कडीवर, वर्तमानपत्रावर चिडायचे. मुलीवर चिडायची सोय नव्हती. ती नियमानेच वागत होती ना.

असे आठ महिने गेले. चौथ्या खेपेला काकूही बरोबर होत्या, त्यांना त्याच इमारतीत गुडघा दाखवायचा होता. बाकावर बसून त्या बघत होत्या. नवरा पत्र पुढे सरकवतोय, मुलगी एका ओळीखाली पेन्सिल फिरवतेय. काकू गुडघा धरून उठल्या आणि खिडकीशी गेल्या.

"बाळा, जगली का गं ती माणसं?"

मुलीने संगणकात पाहिलं. चौघांना मिळालं होतं, म्हणाली. तिघं चांगली आहेत, कामावरही जातात. चौथं माणूस घरी गेलं होतं, हिंडतफिरत होतं, पण तिसऱ्या महिन्यात वारलं. नावगाव सांगता येत नाही, एवढं सांगता येतं.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"काकांनी विचारलंच नाही कधी," मुलगी म्हणाली. "ते पत्रच देत होते."

काकू खिडकीची कड धरून उभ्या राहिल्या. आणि काका, सवयीचे गुलाम, पुढे वाकून म्हणाले, "हे लेखी मिळेल का?"

परतीच्या वाटेवर काकू बोलायला लागल्या त्या घर येईपर्यंत थांबल्या नाहीत. आठ महिने. एका प्रश्नाची गोष्ट, तोंड देवाने कशाला दिलंय, जेवायला? आठ महिने मी रोज देवाला विचारतेय आणि तुम्ही समास सोडत बसलात. काका पिशवी धरून मागे चालत होते. शिव्या का होईना, बायको त्यांच्याशी बोलत होती.

घरी आल्यावर त्यांनी पाणी आणून दिलं. ते न पिताच काकूंनी वहीचं पान फाडलं.

"त्या चौथ्याच्या घरच्यांना लिहिते," म्हणाल्या. "त्यांचं माणूस तर दोनदा गेलं. एकदा वाचला म्हणून हसली असतील बिचारी."

ना तारीख, ना विषय, सरळ मजकूर. पान वाकडं फाटलं होतं. काकांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. काकूंनी नुसती मान वर करून पाहिलं. त्यांनी हात मांडीखाली घेतला आणि बसून राहिले.