चहा बाहेर येण्याआधीची दहा मिनिटं

ईरा, निखिल,

हे मी तुमच्या आजोबांना कधी सांगितलं नाही. तुमच्या आईलाही नाही. माझ्या कपाटात प्रत्येक कागदाला जागा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे — या एका गोष्टीला मात्र मी जागाच दिली नाही, म्हणजे ती सापडणार नाही. पण सापडत राहते. म्हणून लिहिते आहे.

तुम्ही मला ओळखता ते पुस्तकं पाठवणारी आजी म्हणून. दर वाढदिवसाला एका बाईनं लिहिलेलं पुस्तक, आत माझं चार ओळींचं टिपण. ईरानं कॉलेजच्या निबंधात लिहिलं, की बायकांचं लेखन वाचायला मला आजीनं शिकवलं. ते वाचून मी दिवसभर ताठ चालत होते. मला त्याचा अभिमान आहे, तो मी लपवणार नाही. पण आजीला कोणी शिकवलं?

आम्ही तेव्हा डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी ठाण्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. एम.ए. झालेली, तेही इंग्रजी घेऊन — आणि बायकांची पुस्तकं मी वाचत नसे. वाचून सोडली असती तर एक वेळ ठीक. मी उघडतच नसे. आसवं, साड्या, सासू — यापलीकडे त्यांत काय असणार, असं मी चारचौघांत म्हणायची. लोक हसायचे. मला ते हसणं आवडायचं.

आम्ही घरपोच वाचनालय लावलं होतं. मंगळवारी शिंदेबाई यायच्या, खांद्याला पुस्तकांची पिशवी. एक पुस्तक माझं, एक तुमच्या पणजीचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. माझं पुस्तक त्या मुकाट्यानं टेबलावर ठेवायच्या. सासूबाईंचं मात्र बोलून द्यायच्या. दाराजवळच्या खुर्चीत टेकायच्या, पाणी प्यायच्या आणि सुरू.

“आजी, ह्यातली सासू वाईट नाहीये हो. गुडघे दुखतायत तिचे. लिहिणारीला बरोब्बर माहितीये.”

“माझेपण दुखतात,” सासूबाई म्हणायच्या. “माझ्यावर लिही म्हणावं तिला.”

“तुमच्यावर लिहिलं तर सुनेला कोण सांभाळेल?”

मी आतल्या खोलीत वह्या तपासत बसलेली. दोघी हसायच्या. मला ऐकू यावं म्हणूनच बोलत असतील का? असतील. शिंदेबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. पिशवीतलं प्रत्येक पुस्तक त्या वाटण्याआधी स्वतः वाचत.

मग एका संक्रांतीला आमच्या भागातल्या महिला मंडळानं मला हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात बोलायला बोलावलं. विषय — स्त्रियांचं लेखन. मला सांगता आलं असतं, की हे माझं क्षेत्र नाही. दोन आठवडे हातात होते, वाचताही आलं असतं. मी काय केलं? त्या दोन मंगळवारी मी वह्या तपासल्याच नाहीत. पेन्सिल घेऊन दाराआड बसले आणि शिंदेबाई बोलतील ते उतरवून घेतलं. शाळेत मुलानं शेजाऱ्याच्या वहीतून चार ओळी उतरवल्या तर मी त्याला बाकावर उभं करत असे.

त्या म्हणाल्या होत्या — हे मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं — “आजी, पुरुषाच्या पुस्तकात पाहुणे येतात, बाई आत जाते नि चहा घेऊन बाहेर येते. मधली दहा मिनिटं त्याला माहीतच नसतात. बाई लिहिते ना, तेव्हा आपण त्या दहा मिनिटांत आत असतो.”

मी भाषणाची सुरुवात याच वाक्यानं केली. थोडं शुद्ध करून, माझ्या आवाजात. गुडघे दुखणारी सासूही घेतली. सभागृह आधी हसलं, मग शांत झालं, मग टाळ्या. इतक्या टाळ्या मला त्याआधी कधी मिळाल्या नव्हत्या.

तिळगूळ देताना मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, “ते दहा मिनिटांचं कुठं वाचलंत हो?”

मी म्हणाले, “वाचलं नाही कुठं. सुचलं.”

हेच ते. याच शब्दापाशी मी इतकी वळणं घेत आले. कारण ते म्हणताना मी मान वळवली, तर मागच्या भिंतीशी वाचनालयानं टेबल मांडलं होतं आणि टेबलामागे शिंदेबाई उभ्या होत्या. त्या पुस्तकं नीट रचत होत्या. रचलेलीच होती ती.

पुढच्या मंगळवारी त्या आल्या. माझं पुस्तक टेबलावर ठेवलं. “चांगलं बोललात मॅडम,” म्हणाल्या. “मागेपर्यंत ऐकू येत होतं.” सासूबाईंचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं, वहीत सही घेतली आणि निघाल्या. खुर्चीत टेकल्या नाहीत. पाणी नको म्हणाल्या, घाई आहे.

त्यानंतर दर मंगळवारी घाईच होती.

मला वाटलं होतं, त्या भांडतील, टोमणा मारतील. त्यांनी फक्त बोलणं बंद केलं. आणि त्याची शिक्षा मला झालीच नाही — झाली सासूबाईंना. मंगळवारी त्या दुपारपासूनच खुर्ची दाराकडे वळवून बसायच्या. शिंदेबाई यायच्या, जायच्या. दोन-तीन महिन्यांनी सासूबाईंनी मला विचारलं, “माझं काही चुकलं का गं? मी काही लागेल असं बोलले का तिला?”

मी म्हणाले, “तुमचं कशाला चुकेल? त्यांची घरं वाढलीत.”

किती सहज म्हणाले.

आता अभिमानाचं सांगते, कारण तेही खरं आहे. भाषणाचा बोलबाला झाला. ठाण्याहून, कल्याणहून बोलावणी यायला लागली. आणि दाराशी आता कोणी बोलत नव्हतं. मग मला वाचणं भाग पडलं. एका मंगळवारी मी शिंदेबाईंना म्हणाले, “मलाही सासूबाईंसारखंच पुस्तक द्या.” त्यांनी मान हलवली, पिशवीतून एक कादंबरी काढून दिली, काही न सांगता. ती मी दोन दिवसांत संपवली आणि पुन्हा पहिल्या पानावर गेले. चाळिशी ओलांडलेली एम.ए. बाई — आपण आजवर अर्ध्याच घरात राहत होतो, असं वाटलं तिला.

त्यानंतर मी थांबले नाही. इंग्रजी, मराठी, भाषांतरित. शहाण्या बायका, तिरसट बायका, मला मुळीच न पटणाऱ्या बायका. प्रत्येकीची नोंद वहीत. शाळेच्या ग्रंथालयात त्यांच्यासाठी कपाट मागितलं, मुख्याध्यापक नको म्हणाले, मी पुन्हा मागितलं, मिळवलं. मुलग्यांनाही ती पुस्तकं वाचायला लावली. यातलं काहीही उसनं नव्हतं. वाचलं ते माझ्या डोळ्यांनी. पण प्रत्येक भाषणाची सुरुवात मी त्याच दहा मिनिटांनी करत राहिले, कारण तितकं चांगलं वाक्य मला स्वतःला कधी सुचलं नाही. बायकांचे शब्द कसे बिननावाचे राहतात यावरही मी बोलले आहे. पंचवीस मिनिटं. न अडखळता.

सासूबाई गेल्या, तोवर त्यांना खरं सांगितलं नव्हतं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी शिंदेबाई मुलाबरोबर टिटवाळ्याला राहायला जाणार होत्या. शेवटच्या फेरीला आल्या. मला पुस्तक दिलं, सही घेतली, वही पिशवीत टाकली. आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या — घाई नव्हती त्यांना. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी तोंड उघडलं. त्यांनी पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली.

मी विचारलं, “नव्या बाईंना आमचा पत्ता नीट दिलाय ना?”

“दिलाय मॅडम,” त्या म्हणाल्या. पिशवी उचलली आणि जिना उतरून गेल्या. मी दार लावलं.

— तुमची आजी