काकूंची खूण

नानकटाईवर बाटलीच्या झाकणाचा ठसा उमटवत होते, तशी लेक हसली. “आई, ओव्हनमध्ये सगळ्या आपल्याच आहेत की!”

खरंच. आमच्या लहानपणी घरोघरचे ट्रे बेकरीच्या एकाच भट्टीत जायचे, म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. आईची झाकणाची, शेजारच्या काकूंची काटेचमच्याची. आमच्यात रवा सढळ, तूप बेताचं. काकूंच्यात साजूक तूप. दरवर्षी आमच्या डब्यात तळाशी काकूंच्या चार-सहा नानकटाया निघायच्याच.

“भट्टीवाल्याचा घोळ, दुसरं काय!” काकू म्हणायच्या. “परत कसल्या देताय? खाऊ देत पोरं.”

आमची एकही नानकटाई काकूंच्या डब्यात कधी गेली नाही, हे मला आज उमगलं.

मी काटाचमचा शोधला आणि शेवटच्या नानकटाईवर काकूंची खूण केली.