मामाजींच्या मापाची खुर्ची

लग्न होऊन पाच महिने झाले आणि मी माझ्या सासऱ्यांवर करणी केली.

(हे आमच्या सासूबाईंचं म्हणणं. माझं म्हणणं असं की मी खुर्ची करत होते. पण त्या काळी दिग्रसमध्ये नव्या सुनेचं म्हणणं ऐकतो कोण!)

नागपूरची राजधानी गेली, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. भल्याभल्यांच्या खुर्च्या गेल्या म्हणून गावातली मोठी माणसं हळहळत होती. आमच्या घरातली खुर्ची काही गेली नाही, कारण ती मुळात नव्हतीच. माझे सासरे, म्हणजे मामाजी, कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर होते. तीस वर्षं उभं राहून त्यांनी कापूस तोलला. काम सुटलं त्याच महिन्यात कंबरेनंही काम सोडलं. वैद्य म्हणाले, पाठीला नीट आधार देऊन बसत जा. आता आमच्या घरात आधार म्हणजे ओसरीचा खांब आणि तुरीचं पोतं. मामाजी दोघांना आलटूनपालटून टेकायचे आणि दोन्हीकडे सारखेच कण्हायचे.

नव्या सुनेनं अशा वेळी गप्प बसावं. मला ते जन्मात जमलेलं नाही. मी म्हटलं, "आमच्या राळेगावच्या घरी आरामखुर्ची हाये. बसलं का उठावंसंच वाटत नाई!"

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाई चुलीपुढून फुंकणी थांबवून म्हणाल्या, "हाव माय! तुया बापाच्या घरी तं सिंहासनच असन!"

झालं! माहेराचं नाव निघालं. आता खुर्ची आल्याशिवाय मला घास गोड लागणार नव्हता.

आमचे हे शाळामास्तर. त्यांनी आधी शाळेतली एक खुर्ची मागून आणली. तिची पाठ इतकी सरळ की बसणारा माणूस आपोआप हजेरी घ्यायला लागावा. मामाजी दहा मिनिटं ताठ बसले आणि मग हात जोडून मुलाला म्हणाले, "मास्तर, आता सुट्टी द्या." दुसऱ्या दिवशी खुर्ची शाळेत परत.

मग मी बाबांना पत्र टाकून राळेगावची खुर्चीच मागवली. कापडी, घडीची, मागं दांडा खाचेत अडकवायची. एसटीच्या टपावर बसून ती दिग्रसला आली, तेव्हा मला बाबाच आल्यासारखं वाटलं. मी स्वतः दांडा खाचेत बसवला. (हे वाक्य लक्षात ठेवा. मला आजवर कोणी विसरू दिलेलं नाही.) मामाजी बसले, मागं रेलले, "वा!" म्हणाले, आणि दांडा सटकला. खुर्ची मिटली आणि मामाजी आत! बाहेर नुसते दोन पाय आणि टोपीचं टोक.

आतून आवाज आला, "सूनबाई, निजाची सोय लय चांगली हाये. फक्त बाहेर कसं निंगाचं थे सांग."

आत्याबाईंना हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाल्या, "राळेगावचं सिंहासन! आवं माय वं!"

माझं डोकं सणकलं. हातात उलथनं होतं, तेच वर करून मी म्हटलं, "दिवाळीच्या आंदी मामाजीले आरामात बसवून दाखवीन! नाई बसवलं तं दिवाळीले माहेरी जानार नाई!"

शब्द तोंडातून सुटला आणि मग मला आठवलं. लग्नानंतरची पहिली दिवाळी! तिकडं आई दिवस मोजत होती. आणि मी मूर्ख, एका खुर्चीवर माहेर लावून बसले. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "बोलली तं आता पाळ." रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले आणि सकाळी यांना घेऊन गफूर मिस्तरींच्या दुकानात गेले.

गफूर मिस्तरी म्हणजे गावातला एक नंबरचा सुतार आणि एक नंबरचा बोलणारा. रंधा बाजूला ठेवून म्हणाले, "देखो बेटी, सागवान मी देईन, वेत मी विनीन. पन आराम लाकडात नसते, मापात असते. दुसऱ्याच्या मापाची खुर्ची म्हंजे दुसऱ्याचा जोडा. बुढ्याले घेऊन ये."

"थे नाई येत चाचा. म्हंते, खुर्ची सायबाले पाह्यजे, मले कायले?"

"मंग सुतळीनं माप आन. तीन गाठी मार. बैठकीची एक, पायाची एक, पाठीची एक. बास."

मी यांच्याकडं पाहिलं. हे रंध्याच्या छिलप्याकडं पाहू लागले. "मी? बाबाचं माप? त्याईनं डोळा उघडला तं काय सांगू?" चाळीस पोरांना छडीनं सरळ करणारा माणूस! म्हटलं, राहू द्या, मीच बघते.

आता आमच्याकडं सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, थेट तोंडाकडं बघून बोलायचं नाही. माप घ्यायचं तर कल्पनाच सोडा. पण मामाजी दुपारी खांबाला टेकून, पाय लांब करून, बसल्याबसल्या झोपायचे. आत्याबाई शेजारी गोदामावशीकडं गेल्या की मैदान मोकळं. मी डोक्यावर पदर ओढला (आदर सुटता कामा नये!) आणि सुतळी घेऊन रांगत निघाले. मामाजींना बोटही न लावता वरच्या वर सुतळी धरायची होती. कंबर ते गुडघा, एक गाठ. गुडघा ते टाच, दुसरी गाठ. कंबर ते मान धरली आणि मामाजी झोपेतच ओरडले, "थांब! काटा हालून राह्यला!" मी श्वास रोखून बसले. काटा स्थिर झाला असावा, कारण घोरणं पुन्हा सुरू झालं. तिसरी गाठ मारली.

पण कोणती गाठ कशाची, हे ओळखणार कसं? शिकलेली बाई मी, चौथी पास! बैठकीच्या गाठीला कुंकू लावलं, पायाच्या गाठीला हळद लावली आणि पाठीच्या गाठीला काजळ. आणि सुतळी कोणाच्या हाती लागू नये म्हणून कुठं लपवावी? तर देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागं!

संध्याकाळी आत्याबाईंनी दिवा लावला आणि जी किंकाळी फोडली, ती जिनाच्या भोंग्यानंतर गावात सगळ्यात दूर गेली असेल. गोदामावशी भिंतीवरूनच डोकावल्या. "काय झालं वं?"

"पाह्य! देवाच्या मांगं! गाठी मारेल हाये, वरून कुंकू!"

गोदामावशी या विषयातल्या जाणकार. त्यांनी आत येऊन चुलीतल्या लाकडानं सुतळी उचलली, मामाजींजवळ नेऊन धरली आणि त्या दोन पावलं मागं सरकल्या. "बाप्पा! हे तं यायचंच माप हाये! गाठ गुडघ्यावर बरोबर येऊन राह्यली! हे कोनी घरातल्यानंच केलं."

घरात बाहेरून आलेलं माणूस एकच होतं. सगळे माझ्याकडं बघू लागले. मी म्हटलं, "आत्याबाई, थे खुर्चीचं माप हाये वो!"

"खुर्चीचं? खुर्चीले काजळ लावते का कोनी?"

मी यांच्याकडं बघितलं. यांनी नेमक्या त्याच क्षणी वह्या तपासायला घेतल्या. मामाजी एकटेच आनंदात होते. "काहून ओरडता? मायी कंबर तं आज जराशी बरी वाटून राह्यली," म्हणाले. त्यानं तर मामला आणखी बिघडला. कारण गोदामावशींच्या मते करणीत आधी बरंच वाटतं.

आत्याबाईंनी तिन्ही गाठी डाव्या हातानं सोडल्या, सुतळीवर लिंबू पिळलं आणि चुलीत टाकली. माझं माप जळून गेलं! त्या दिवसापासून दुपारी मामाजी खांबाला टेकले की आत्याबाई शेजारी झाडू घेऊन पहाऱ्याला. झोपेत माशी बसली तरी झाडू! बिचाऱ्यांची झोपही गेली.

दिवाळीला जेमतेम सव्वा महिना उरला होता. मिस्तरींचे निरोपावर निरोप येत होते. शेवटी मी काय केलं? खोलीचं दार लावलं, ट्रंकेवर बसले, स्वतःचंच माप घेतलं आणि प्रत्येक गाठ बोटभर पुढं सरकवली. मामाजी पुरुषमाणूस, बोटभर पुरे, असा माझा हिशेब.

मिस्तरी सुतळीकडं बघून म्हणाले, "बेटी, बुढा इतकासाच हाये?"

"म्हातारपनी मानूस आटते चाचा."

"आटते हो. पन हे तं लयच आटलं!"

पंधरा दिवसांनी खुर्ची बैलबंडीत बसून आली. काय देखणी! सागवानी, रुंद हातांची, वेताची पाठ. गल्ली गोळा झाली. मामाजींनी खुर्चीला आधी नमस्कार केला, मग बसले. आणि त्यांचे गुडघे हनुवटीला लागले! वेताची पाठ खांद्याच्या खालीच संपली, डोकं अधांतरी. बारक्या पोराच्या पाळण्यात उंट बसवावा तसे दिसत होते. पण माणूस मोठा भला. म्हणाले, "बरी हाये. लय बरी हाये." रोज संध्याकाळी माझ्यासाठी अर्धा तास ते त्या खुर्चीत बसायचे आणि रात्रभर कंबर शेकायचे. मला इतकं वाईट वाटलं की मी मनातल्या मनात माहेरी जाणं सोडून दिलं. आईला पत्रसुद्धा लिहायला घेतलं.

आत्याबाई खुर्चीला शिवत नव्हत्या. झाडतानासुद्धा वळसा घालून जायच्या. पण एका दुपारी मी विहिरीवरून आले आणि ओसरीत थबकले. मामाजी पारावर गेलेले. खुर्चीत आत्याबाई! मांडीवर सूप, सुपात निवडायचे तांदूळ, मान वेताला टेकलेली, तोंड उघडं, आणि असं मनापासून घोरणं की सुपातले तांदूळ हलत होते. त्यांची आणि माझी उंची एकच, हे मला इतक्या महिन्यांत दिसलं नव्हतं. त्यांची कंबरही दुखत असेल, हेही कोणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

तेवढ्यात मामाजी आले. आत्याबाई दचकून जाग्या झाल्या. नवऱ्यासमोर खुर्चीत! तांदूळ ओसरीभर! त्या धडपडत उठायला लागल्या, तर मामाजी म्हणाले, "बस. उठू नको. मी जिनात उभा होतो, तू घरात उभी होती. बस आता."

आत्याबाई बसल्या. मग त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि एकदम माझ्यावर खेकसल्या, "सुतळी आन! मस्त बसाले येते इच्यात. यायलेबी अशीच पाह्यजे!"

आणि काय सांगू! मामाजींना खांबाला टेकवून आत्याबाईंनी स्वतः माप घेतलं. कंबर ते गुडघा. गुडघा ते टाच. कंबर ते मान. मग मला म्हणाल्या, "कुंकू आन. हळद आन. काजळ आन. गाठी वळखू कशा येतीन मंग?"

भिंतीवर गोदामावशी उगवल्याच. "आवं! तूच करनी करून राह्यली का?"

"चूप बस वं! खुर्ची करून राह्यली!"

मिस्तरींनी माप बघितलं आणि कपाळाला हात लावला. "या अल्ला! बुढा वीस दिवसांत परत वाढला!"

आत्याबाई रोज दुकानात जाऊन बसल्या, म्हणून खुर्ची वसुबारसेच्या आदल्या दिवशी घरी आली. मामाजी बसले. मागं रेलले. पाय जमिनीला, मान वेताला. ते "वा" म्हणाले नाहीत, "बरी हाये" म्हणाले नाहीत. ते सरळ झोपले. सगळी ओसरी श्वास रोखून बघत होती आणि मला तो घोरण्याचा आवाज सनईसारखा वाटत होता.

आत्याबाईंनी माझ्या पिशवीत स्वतः अनारसे भरले. "जाय माहेरी. आन् तुया बापाले सांग, खुर्ची पाहाची असन तं दिग्रसले या." एसटीत खिडकीशी मी अशी बसले होते, जशी काही मीच राजधानी जिंकून आणली!

पुढं वीस-बावीस वर्षं ती जोडी ओसरीत शेजारीशेजारी बसली. (आत्याबाईंच्या खुर्चीतून चूल थेट दिसायची, हे मात्र मी माप देताना पाहिलं नव्हतं. "भाजी लागून राह्यली!" हे वाक्य त्या खुर्चीतून मी किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही.) माझ्या मापाची खुर्ची, आणि मला तिच्यात बसायची सोय नाही! पण मी धीर धरला. म्हटलं, माझाही दिवस येईल.

दोघंही गेल्यावर तो दिवस आला. माझ्या मुलाचं लग्न होऊन घरात सून आली होती. मी नवं लुगडं नेसले, सुनेला चहा सांगितला आणि माझ्या हक्काच्या, माझ्याच मापाच्या खुर्चीत ऐटीत बसले. बसताना वेत जरा कुरकुरला. चहा संपवला आणि उठले. माझ्याबरोबर खुर्चीही उठली!

हे खुर्चीचे पाय धरून ओढत होते आणि हसून हसून त्यांचे हात सुटत होते. सून गुणाची, ती हसली नाही. मी मोकळी होईस्तोवर ती आतून सुतळी घेऊन आली. "आई, गफूर चाचाच्या पोराकडून नवीन करू. माप घेऊ का?"

"घे," मी म्हटलं. "फक्त देव्हाऱ्यात ठेवू नको."

तिनं सुतळीचं टोक माझ्या कंबरेशी धरलं आणि सुतळी मागून वळसा घालून पुढं आणली. मग तिथंच थांबली. एकदा सुतळीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि अगदी हळू आवाजात, पदर सावरत म्हणाली,

"आई, घरात अजून सुतळी हाये का वो?"